काटा थांबला म्हणजे

सांबऱ्यासारख्या गावात वजन उतरविण्याची चर्चा चालेल, असे आमच्या वडिलांच्या पिढीला कोणी सांगितले असते तर त्या मंडळींनी ते हसण्यावारी नेले असते. पहाटेपासून शिवारात राबावे, दुपारी बांधावर भाकरी सोडावी, रात्री आमटी-भात जेवून अंग टाकावे, असा तो दिनक्रम होता. खाल्लेले अंगी लागण्यापूर्वीच खर्ची पडत असे. आता घरटी एक-दोन माणसे बेळगावास नोकरीला असतात, दुचाकीवरून जातात आणि खुर्चीवर बसून परततात. शेताची नांगरट यंत्राने होते. त्यामुळे पहाटे बागलकोट रस्त्याने फिरावयास निघालेल्या मंडळींत साखरेचा विकार, रक्तदाब आणि वजन हेच विषय निघतात. त्यातही एक तक्रार इतक्यांदा कानी येते की तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले. तक्रार अशी : ‘पहिले सात-आठ किलो सहज उतरले. आता तीन महिने झाले, काटा जागचा हलत नाही. खातो तर तेवढेच!’

आम्ही वैद्य नव्हे. आयुष्य भाषा शिकविण्यात गेले. परंतु या तक्रारीचा मोठा भाग सातवी-आठवीच्या गणिताचा आहे, आणि ते गणित न मांडता माणसे जे उपाय करतात ते कधीकधी जिवावर बेतणारे असतात. म्हणून हा प्रपंच.

गणिताचा पहिला धडा आपल्या भागातील तालमीत केव्हाचाच गिरविला गेला आहे. ऐन उमेदीत हजार जोर-बैठका काढणारा पैलवान दूध, तूप, बदाम पचवितो आणि त्याचे अंग दगडासारखे राहते. पुढे संसार मागे लागतो आणि तालीम सुटते. खुराक मात्र सुटत नाही. पाच वर्षांत तोच देह सुटलेला दिसतो. खर्च घटला की जमाही घटवावी लागते, हे वस्तादांना सांगावे लागत नाही. वजन उतरविणाऱ्या माणसाच्या बाबतीत नेमके हेच घडते; फरक इतकाच की त्याचा खर्च तालीम सुटल्यामुळे न घटता, तो स्वतःच लहान झाल्यामुळे घटलेला असतो.

आकडे घेऊन पाहू. देह नुसता पडून राहिला तरी श्वास, रक्ताभिसरण, उष्णता यांसाठी दिवसाला काही उष्मांक खर्ची पडतात. (ज्याला आपण बोलताना कॅलरी म्हणतो तोच हा उष्मांक.) तो खर्च अंदाजण्याचे एक सूत्र मिफ्लिन आणि सेंट जिओर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केले. किलोमधील वजनाची दहापट आणि सेंटिमीटरमधील उंचीची सव्वासहापट यांची बेरीज करावी. तीतून वयाची पाचपट वजा करावी. पुरुष असल्यास पाच मिळवावेत, स्त्री असल्यास एकशे एकसष्ट वजा करावेत. जो आकडा येईल त्याला, बैठे काम असेल तर, सुमारे १.४ ने गुणावे, की दिवसाचा एकूण खर्च निघतो. आपल्या देहांत स्नायूंचे प्रमाण कमी असल्यामुळे हे सूत्र आपल्याला थोडे उदार ठरते; पण अंदाजाला पुरेसे आहे.

आमचे एक स्नेही शेजारच्या गावी शिक्षक आहेत. वय ५२, उंची १६५ सेंटिमीटर, आणि वजन होते ८४ किलो. सूत्राप्रमाणे त्यांचा दिवसाचा खर्च सुमारे २,२६० उष्मांक येतो. डॉक्टरांनी त्यांना १,८०० उष्मांकांचा आहार आखून दिला. रोजची तूट झाली ४६० ची. एक किलो मेद म्हणजे ढोबळमानाने ७,७०० उष्मांकांचा साठा, तेव्हा महिन्याला पावणेदोन किलोच्या आसपास उतरावेत हे ओघानेच आले; आणि आरंभी तसेच झाले. सहा-सात महिन्यांत गुरुजी ७६ किलोंवर आले. आता ७६ किलोंसाठी तेच सूत्र मांडा. खर्च येतो २,१५०. म्हणजे आठ किलोंचे ओझे उतरल्याबरोबर रोजचे ११० उष्मांक खर्चातून आपोआप वजा झाले. जिना चढताना, मैदानात मुलांमागे जाताना, इतकेच काय झोपेतही हा देह पूर्वीपेक्षा कमी जाळतो.

इथवरचे गणित सरळ आहे. पुढे देह आपल्या पदरचे काही घालतो. उपासमार आणि पथ्य यांतला फरक त्याला समजत नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आपला बेळगाव जिल्हा, धारवाड, सोलापूर ही सारी मुंबई इलाख्यातील दुष्काळी टापूत होती. त्या वेळी दुष्काळी कामांवरील मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य व वर थोडी चिल्लर एवढीच मजुरी पुरे, असे सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ साली ठरविले. मजुरांनी काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे निवेदनांवर निवेदने धाडली. त्या धान्याचे उष्मांक आजच्या हिशेबाने जेमतेम सोळाशे भरतात. योगायोगाने अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने चोवीस आठवडे जवळपास तेवढ्याच, म्हणजे १,५७० च्या आसपास उष्मांकांवर ठेवून पाहिले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, आणि पडून असतानाचा त्यांचा खर्च जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरला. वजन घटले त्या मानाने ही घट बरीच जास्त होती. ते तरुण सदा थंडीने कुडकुडत, चिडचिड करीत, आणि रात्रंदिवस अन्नाचाच विचार करीत असत. दुष्काळात ज्या देहाने काटकसर केली तोच तगला. त्या तगलेल्यांची आपण प्रजा आहोत. तेव्हा आपला देह काटकसरी असावा याचे नवल नाही.

ही जादा काटकसर किती, याविषयी मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाही. काही अभ्यासांत ती दिवसाला पन्नास उष्मांकांची भरते, काहींत तीनशेच्या वर जाते. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर वजन उतरविण्याची एक स्पर्धा चालत असे. तीत अल्पावधीत प्रचंड वजन उतरविलेल्या चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांचा पडून असतानाचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे उष्मांकांनी कमी आढळला. घाईने आणि कठोरपणे वजन उतरविणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवलेले बरे.

आमच्या गुरुजींच्या खाती या काटकसरीचे शंभर उष्मांक धरू. म्हणजे खर्च झाला २,०५०. आणि ते खरोखर १,८०० वरच असतील तर अजूनही अडीचशेची तूट शिल्लक राहते. महिन्याला एक किलो तरी उतरावयास हवा होता. मग काटा ठप्प का? या ठिकाणी सूत्र बाजूला ठेवून स्वयंपाकघरात शिरावे लागते.

केविन हॉल या अमेरिकन संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक हिशेब मांडला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे देहाचा रोजचा खर्च वीस-तीस उष्मांकांनी घटतो, पण भूक मात्र किलोमागे सुमारे शंभर उष्मांकांनी वाढते. आठ किलो उतरविलेल्या माणसाची भूक त्याला रोज आठशे उष्मांक अधिक मागत असते! तो ते सगळे देत नाही; निग्रहाने राहतो. पण शंभर मागण्यांतली एखादी मान्य होते, आणि ती मान्य झाल्याचे त्याचे त्यालाही कळत नाही. सहा-आठ महिन्यांनी काटा अडतो त्याचे मोठे कारण हेच असते, असे या हिशेबावरून निघते. यात माणसाचा अप्रामाणिकपणा नसतो, आणि त्याला आळशी म्हणणे तर सर्वस्वी अन्यायाचे आहे. भूक हात जड करते, एवढेच.

गुरुजींनी मात्र आपल्यालाच दोषी ठरविले आणि शिक्षा सुनावली. सकाळची न्याहारी बंद, रात्रीचे जेवण बंद. साखरेच्या विकारावरची गोळी मात्र नेमाने चालू! चौथ्या-पाचव्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, समोरचे दिसेना. सहकाऱ्यांनी त्यांना खाली बसवून साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधे माणूस जेवणार आहे असे गृहीत धरून दिलेली असतात. जेवण घटविले आणि औषध तेच ठेवले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीच्या खाली जाते. माणूस बेशुद्ध होऊ शकतो. तेव्हा मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या वाचकाने या लेखातील कोणताही आकडा अमलात आणण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

त्यानंतर वहिनींनी सूत्रे हाती घेतली. सोनार वापरतो तसा नव्हे, पण ग्रॅम दाखविणारा स्वयंपाकघरातला लहान काटा त्यांनी आणला आणि आठवडाभर वहीत सगळे मांडले. आहार आखला तेव्हा भाकरीला पन्नास ग्रॅम ज्वारीचे पीठ ठरले होते. दिवसाला चार भाकऱ्या. आता गोळा साठ ग्रॅमचा भरत होता. चार भाकऱ्यांमागे चाळीस ग्रॅम पीठ वाढले, म्हणजे सुमारे १३५ उष्मांक. शेंगदाण्याची चटणी चिमटीभर होती ती चमचाभर झाली होती, तिचे साठ. आणि शिक्षकांच्या खोलीत कोणी ना कोणी पाजतो तो साखरेचा जादा चहा, त्याचे ऐंशी. एकूण २७५. गहाळ झालेली अडीचशेची तूट सापडली! यात कोणी शिरा खाल्ला नव्हता, कोणी कुंद्याचा डबा फस्त केला नव्हता. वहिनींनी तेलाची बुधलीही मोजली; ती मात्र बिनचूक निघाली, याचा त्यांना अजून अभिमान आहे. (पुष्कळ घरांत नेमकी तीच चुकते. तेलाचा चहाचमचाभर थेंब म्हणजे ४५ उष्मांक, आणि फोडणी घालताना आपण चमचा कधी पाहतो?)

तेव्हा आहार आणखी घटविण्यापूर्वी आठ दिवस मोजून पाहावे, हा पहिला उपाय. त्याहीपूर्वी काटा खरोखर थांबला आहे का हे पाहावे. काटा मेद मोजत नाही. मेद, स्नायू, पोटातले अन्न आणि पाणी सारे एकत्र मोजतो, आणि त्यात पाण्याची चढउतार फार. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटातील आपली कुस्तीगीर विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी अवघी शंभर ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. आदल्या दिवशी तीच त्या गटात बसली होती. एका रात्रीत कोणाचा मेद वाढत नाही. आदल्या रात्री लोणचे-पापड झाले, लग्नाचे जेवण झाले, मलावरोध झाला, स्त्रियांना मासिक पाळीचे दिवस आले, की किलो-दीड किलो इकडचा तिकडे होतो. म्हणून सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करावे, आठवड्याची सरासरी काढावी, आणि अशा तीन-चार सरासऱ्या सारख्या आल्या तरच काटा थांबला असे म्हणावे. पाळी असलेल्या स्त्रियांनी या महिन्याच्या आठवड्याची तुलना मागल्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी. थायरॉइडचा विकार किंवा काही औषधे यांमुळेही वजन अडते. शंका आली तर तपासणी करून घ्यावी.

मोजूनही चूक सापडली नाही आणि काटा महिनाभर अडलाच, तर नव्या वजनासाठी नवे गणित मांडावे. बदल लहान असावा : दिवसाला शंभर ते दोनशे उष्मांक, त्याहून अधिक नाही. एक लहान भाकरी किंवा मूठभर तांदळाचा भात यांत तो भागतो. कपात करावयाची ती भात, साखर, तेल, तळण यांत. डाळ, उसळ, ताक, अंडी, मासे यांत नव्हे. प्रथिने कमी पडली तर मेदाबरोबर स्नायूही झडतात, आणि स्नायू झडले की खर्च पुन्हा घटतो. कपातीऐवजी चालणे वाढविले तरी चालेल. पण चालण्याविषयी माणसे फार मोठ्या कल्पना बाळगतात. ७६ किलोंचा माणूस अर्धा तास झपाझप चालला तर बसून राहण्यापेक्षा शंभरच्या आसपास उष्मांक जास्त खर्च करतो. परतताना नाक्यावर दोन भजी खाल्ली की जमाखर्च बरोबर! आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका किंवा वजन उचलण्याचा व्यायाम केल्यास स्नायू टिकतात. पन्नाशीनंतर तर त्याची गरज अधिक. डॉक्टरांच्या देखरेखीवाचून पुरुषांनी दीड हजारांच्या आणि स्त्रियांनी बाराशे उष्मांकांच्या खाली जाऊ नये.

भगिनीवर्गाचे गणित निराळे आहे, आणि त्याकडे घरोघर दुर्लक्ष होते. पन्नास वर्षांची, १५२ सेंटिमीटर उंचीची, ६४ किलो वजनाची गृहिणी घ्या. तिचा दिवसाचा खर्च येतो साडेसोळाशे. नवरा अठराशेवर उतरतो म्हणून तिनेही त्याच्या ताटाएवढे ताट वाढून घेतले तर तिचे वजन वाढेल. आणि तिच्या साडेसोळाशेतून पाचशे कापले तर ती लक्ष्मणरेषेच्या पलीकडे जाते. तिला कापावयास जागाच थोडी. तिने दोन-अडीचशेच्या तुटीवर समाधान मानावे, महिन्याला अर्धा-पाऊण किलो पुरेसा समजावा, आणि सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले संपविण्याची जी जुनी सवय आहे ती आधी सोडावी. अन्न वाया जाऊ नये हे खरे. पण ते गृहिणीच्या पोटातच गेले पाहिजे असा नियम कोणी केला?

अलीकडच्या वर्षांत दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत मराठी घरांतून पुष्कळ पसरली. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून ती निघाली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तिचा प्रसार केला. मधल्या वेळचे खाणे सुटते, हा तिचा लाभ आम्ही पाहिला आहे. परंतु त्या मार्गाने वजन उतरवून अडलेल्यांनी एवढे पाहावे, की जेवणे दोन असली तरी दोन्ही ताटे मिळून किती भरतात? उष्मांक जेवणांच्या संख्येने ठरत नाहीत.

आता एक प्रश्न उरतो. काटा थांबला तर तो हलविलाच पाहिजे का? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर आपल्या देहांचाच अभ्यास केला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन पाहता दोघांचा निर्देशांक अगदी एक, २२.३. मात्र अंगातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! बारीक दिसणारा भारतीय आतून मेदस्वी असतो, आणि तो मेद पोटाभोवती साठतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखविले. म्हणून आपल्यासाठी काट्यापेक्षा शिंप्याची फीत अधिक खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी. काटा थांबलेला असताना कंबर घटत असेल तर मेद जात आहे आणि स्नायू राहात आहेत. तेव्हा आहाराला हात लावू नये.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार आणि व्यायाम सुधारला त्यांचे वजन म्हणण्यासारखे उतरले नाही. तरीही तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण त्यांच्यात सुमारे अठ्ठावीस टक्क्यांनी कमी राहिले. काटा हलला नाही म्हणून निराश होऊन फिरणे सोडणाऱ्यांना आम्ही हा आकडा आवर्जून सांगतो.

गुरुजींचे पुढे असे झाले : न्याहारी आणि रात्रीचे जेवण पुन्हा सुरू झाले, पिठाचा गोळा पन्नास ग्रॅमवर आला, शाळेतला जादा चहा बिनसाखरेचा झाला. चार महिन्यांत तीन किलो उतरले, कंबर पाच सेंटिमीटरने घटली, आणि डॉक्टरांनी एक गोळी अर्ध्यावर आणली. मग आली दिवाळी. वहिनींनी त्या महिन्याला तूट धरलीच नाही. ७३ किलोंचा खर्च जेवढा, तेवढेच खावयाचे. चकली, करंजी, चिवडा त्यातच मोजावयाचा आणि त्या दिवशीचा भात सोडावयाचा. महिनाअखेर काटा होता तेथेच होता. गुरुजींनी या खेपेस त्याची तक्रार केली नाही. कार्तिकी एकादशीनंतर वही पुन्हा उघडली गेली.